जाड स्लॅब सेरिफ: रेखाटन, जुळणी आणि पाटीवरील वापर

ठाण्यात नौपाड्यातील एका हार्डवेअरच्या दुकानासाठी १० फूट रुंद आणि ३ फूट उंच पाटी करावयाची होती. दुकानाच्या मालकांची अपेक्षा एवढीच होती की, आत पत्रे, सळ्या आणि शटरचे सामान मिळते हे पाटी न वाचताही कळावे. अशा कामासाठी जाड स्लॅब सेरिफसारखे, म्हणजे टोकांना चौकोनी ठोकळे असलेल्या रोमन अक्षरांसारखे, दुसरे अक्षरवळण नाही. ते रेखाटावे कसे, तयार फाँट घ्यायचा झाल्यास त्यात काय पाहावे, शेजारी देवनागरी कोणती लावावी आणि कापायला पाठवताना कोणती काळजी घ्यावी, हे त्या एकाच पाटीच्या आधाराने येथे मांडले आहे. यातील निम्म्या गोष्टी मला आधीच्या फसलेल्या कामांनी शिकवल्या, म्हणून त्या चुकाही जागच्या जागी सांगितल्या आहेत.

ठोकळ्याचे मूळ

रोमन अक्षराच्या दांड्याच्या टोकाशी जो आडवा अवयव असतो त्याला सेरिफ म्हणतात. इंग्रजी पुस्तकांच्या मजकुरात तो निमुळता आणि नाजूक असतो. स्लॅब सेरिफमध्ये मात्र तोच अवयव चौकोनी ठोकळ्यासारखा असतो आणि त्याची जाडी दांड्याच्या जाडीच्या जवळ जाते. लंडनमधील छपाईचे खिळे (टाइप) ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१० च्या दशकात असे वळण ‘अँटिक’ या नावाने आपल्या नमुनापुस्तकात छापले. छापखान्यांकडे तेव्हा पुस्तकांच्या जोडीला भिंतीवर चिकटवण्याच्या जाहिरातींचे काम वाढू लागले होते आणि रस्त्याने जाणाऱ्याची नजर अडवण्यासाठी काळे, रुंद अक्षर हवे होते. नेपोलियनच्या १७९८ मधील मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे वेड पसरले, त्यामुळे या वळणांना ‘इजिप्शियन’ हे नावही चिकटले. अक्षरांच्या आकारात इजिप्तचे काहीही नाही. गंमत अशी की, १८१६ मध्ये लंडनच्याच कॅस्लन फाउंड्रीने, म्हणजे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, ‘इजिप्शियन’ म्हणून जे अक्षर दाखवले त्याला सेरिफच नव्हते. फाँटच्या लांबलचक यादीपुढे बसल्यावर नावावर विसंबू नये, हे तेव्हापासून खरे आहे.

पुढे १८४५ मध्ये फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या रॉबर्ट बेस्ली यांनी क्लॅरेंडन बाजारात आणले. त्यात ठोकळा आणि दांडा यांच्या सांध्यात लहानशी वक्र भर घातलेली असते, त्यामुळे अक्षर जाड राहूनही थोडे मवाळ दिसते. बेस्ली यांनी या वळणाची नोंदणी करून तीन वर्षांचे संरक्षण मिळवले होते. मुदत संपताच इतर फाउंड्र्यांनी त्याच्या नकला काढल्या. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ मध्ये आली, म्हणजे हे वळण आपल्या रेल्वेपेक्षा आठच वर्षांनी मोठे आहे. विसाव्या शतकात कंपास आणि पट्टीने आखल्यासारखी भौमितिक स्लॅब आली. जर्मनीतील मेम्फिस १९२९ चे आणि मोनोटाइप या कंपनीचे रॉकवेल १९३४ चे.

काम हाती घेताना या तीन घराण्यांपैकी कोणते हवे ते आधी ठरवावे. काटकोनी सांध्याचे अँटिक हे लोखंड, व्यायामशाळा, गॅरेज किंवा नाटकाच्या पोस्टरसाठी उत्तम. क्लॅरेंडन बेकरीला, चहाच्या दुकानाला, पुस्तकांच्या दुकानाला शोभते, कारण त्याच्या वक्र सांध्यांत थोडी आपुलकी असते. भौमितिक स्लॅब वास्तुविशारदाच्या किंवा अभियंत्याच्या कार्यालयाला बरी दिसते. आपल्या पाटीसाठी अर्थातच अँटिक घेतले.

एच आणि ई: सगळी गणिते येथे सुटतात

पाटीवर रोमन लिपीत ‘हार्डवेअर’ हा शब्द मोठ्या लिपीत लिहायचा होता, म्हणजे एच, ए, आर, डी, डब्ल्यू, ए, आर आणि ई अशी आठ अक्षरे. सुरुवात एचपासून करावी. फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराची चौकट सहसा १००० एककांची असते. तीत मोठ्या अक्षराची उंची ७०० एकके धरावी आणि उभा दांडा १९० एककांचा घ्यावा. हा दांडा उंचीच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक झाला, आणि पाटीच्या कामाला एवढी जाडी पुरते. नवशिका येथे पहिली चूक करतो ती म्हणजे ठोकळाही १९०चाच ठेवतो. समान जाडीची आडवी आणि उभी रेघ शेजारी ठेवली तर डोळ्याला आडवी अधिक जाड भासते, त्यामुळे असे अक्षर वर-खाली सुजल्यासारखे दिसते. ठोकळा १२० आणि मधली आडवी पट्टी ११० ठेवावी. ठोकळा दांड्याच्या बाहेर ७० आणि आत ६० एकके काढावा.

आता एचच्या दोन दांड्यांमधील अंतर ठरवावे. ते २४० घेतले, तर आतल्या बाजूंनी ६०-६० एककांचे ठोकळे वजा जाता समोरासमोरच्या ठोकळ्यांमध्ये १२० एककांची फट उरते. ही फट लक्षात ठेवावी. दोन शेजारच्या अक्षरांच्या ठोकळ्यांमधील अंतर या फटीपेक्षा स्पष्टपणे कमी असले पाहिजे. ते तिच्या बरोबरीचे झाले, की एच हे एक अक्षर न वाटता शेजारी उभे असलेले दोन आय वाटू लागतात.

ई या अक्षराने मला काही वर्षांपूर्वी चांगलाच धडा दिला. वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या फाटकासाठी मी अक्षरे काढली होती आणि जाडीच्या हौसेने ईचे तिन्ही हात दांड्याएवढेच जाड ठेवले होते. हिशेब साधा आहे: तीन हातांचे १९० प्रमाणे ५७० एकके काळे झाले, ७०० पैकी १३० उरले आणि ते दोन फटींत वाटले तर प्रत्येकी ६५. सहा इंच उंचीच्या अक्षरात ६५ एकके म्हणजे अवघे १४ मिलिमीटर. पडद्यावर मोठे करून पाहताना ते ठीक वाटले; फाटकावर चढवल्यावर मात्र रस्त्यापलीकडून ईच्या जागी काळी वीट दिसत होती. पाटी माझ्या खर्चाने पुन्हा कापावी लागली. वरचा व खालचा हात १२० आणि मधला ११० घेतला, तर ३५० एकके मोकळी राहतात आणि प्रत्येक फट १७५ ची, म्हणजे त्याच सहा इंचांत सुमारे ३८ मिलिमीटर होते. अक्षराचा दांडा तेवढाच असल्याने त्याचे वजन डोळ्याला जराही कमी भासत नाही.

जाड स्लॅबच्या रेखाटनातील मर्म या हिशेबात आहे. वजन ठोकळ्यांनी येते, पण अक्षर ओळखू येते ते ठोकळ्यांमध्ये राखलेल्या पांढऱ्या जागेमुळे. म्हणून प्रत्येक अक्षर काढताना आधी पोकळी, म्हणजे ही पांढरी जागा, मोजावी आणि उरलेले काळे करावे. हेच तत्त्व तयार फाँट निवडतानाही कामी येते. हाइनरिश योस्ट यांच्या १९३० च्या दशकातील स्लॅबवरून व्हर्नन अ‍ॅडम्स यांनी ‘बेवन’ हा फाँट पडद्यासाठी नव्याने घडवला तेव्हा त्यांनी मुद्दाम पोकळ्या थोड्या मोकळ्या केल्या. ‘अल्फा स्लॅब वन’ हा याच जातीचा आणखी एक विनामूल्य फाँट. फाँट पारखताना ई, ए आणि आर ही तीन अक्षरे हव्या त्या मापात छापून पाहावीत. ही तीन निभावली तर उरलेली बहुधा निभावतात.

तिरक्या अक्षरांची अडचण

डी सोपे आहे. त्याचा गोल पोटाशी २०० एकके जाड ठेवावा, कारण गोलाची जाडी फक्त मध्यावर पूर्ण भरते आणि दांड्याएवढी ठेवली तर ती कमी वाटते. ज्या अक्षरांच्या गोलाचा माथा वा तळ थेट रेषेला टेकतो, जसे ओ किंवा एस, तेथे गोल रेषेबाहेर वर-खाली १२ एकके काढावा. आरचे पोट डीपेक्षा लहान असल्याने त्याची पोकळी लवकर बुजते. पोट थोडे उंचीला वाढवून पाय आखूड केला तरी चालतो. आरच्या पायाला ठोकळा द्यावा की तो वळवून वर उचलावा, याबद्दल जुन्या नमुन्यांत दोन्ही पद्धती दिसतात. मला ठोकळ्याचा पाय अधिक आवडतो, विशेषतः शब्दात पुढे ई येत असेल तेव्हा, कारण मग खालची रेषा अखंड पायऱ्यांसारखी जमते.

खरी परीक्षा ए आणि डब्ल्यूची असते. एच्या दोन तिरक्या रेघांपैकी डावी १२० आणि उजवी १९० ठेवावी. आतील त्रिकोण लहान होत असेल तर आडवी पट्टी शक्य तितकी खाली उतरवावी, आणि पायांचे आतल्या बाजूचे ठोकळे ६० वरून ३५-४० पर्यंत आखूड करावेत, नाहीतर ते एकमेकांना भिडून एला खालून बंद तळच तयार होतो. डब्ल्यूमध्ये चार तिरक्या रेघा आहेत. चारही पूर्ण जाडीच्या काढल्या तर ते अक्षर दोन अक्षरांची जागा खाते आणि ओळीत डाग पडल्यासारखे दिसते. म्हणून पहिली व तिसरी रेघ १७० पर्यंत उतरवावी, दुसरी व चौथी ११० वर आणावी, आणि मधल्या शिखराला ठोकळा देऊच नये. मी आधी तेथेही ठोकळा दिला होता, तेव्हा अक्षराच्या मध्यभागी पांढरे म्हणून काही उरले नाही.

कागदावर काम करण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी ग्राफ पेपरवर एच, ई, डी आणि ए काढून काळ्या कागदातून कापून घ्यावेत. चार अक्षरे हाताने कापली की पोकळी म्हणजे काय हे बोटांनाही कळते. पडद्यावर काढायचे असेल तर फाँटफोर्ज किंवा इंकस्केप विनामूल्य मिळते, आणि एका पाटीपुरत्या अक्षरांना ते पुरेसे आहे. संपूर्ण फाँट बांधायचा असेल तरच ग्लिफ्ससारखे विकतचे सॉफ्टवेअर घ्यावे.

अक्षरांमधील अंतर

नाजूक अक्षरांत अंतर चुकले तर ते खपून जाते. स्लॅबमध्ये दोन ठोकळे समोरासमोर येतात आणि त्यांच्यातील फट ही सरळ कडांची, मोजता येण्याजोगी पट्टी असते. एचच्या दोन्ही बाजूंना २८ एकके मोकळी ठेवावीत, म्हणजे दोन सरळ अक्षरांमध्ये ५६ एककांची फट पडेल. आपल्या सहा इंची अक्षरांत ती १२ मिलिमीटर होते आणि आधी सांगितलेल्या १२० एककांच्या आतील फटीच्या निम्म्याहून कमी राहते. ठोकळे एकमेकांना पूर्ण चिकटवण्याची पद्धतही आहे; पोस्टरवर ती देखणी दिसते. मात्र चिकटवायचे तर सर्व ठोकळे चिकटवावेत. केसाएवढी फट ठेवू नये, ती छपाईत बुजते आणि कापताना तुटते.

एच आणि ए यांच्या जोडीत वरच्या बाजूला मोठा पांढरा त्रिकोण उघडा पडतो आणि खाली मात्र ठोकळे आधीच एकमेकांजवळ आलेले असतात, त्यामुळे नेहमीच्या कर्निंगने, म्हणजे त्या जोडीपुरते अंतर कमी करून, एला आत सरकवता येत नाही. येथे आकारच बदलावा लागतो. एच्या डाव्या पायाचा बाहेरचा ठोकळा ७० वरून ४५ केला आणि शिखरावर डावीकडे झुकणारा छोटा ठोकळा दिला, तेव्हा ती जोडी जुळली. डब्ल्यू आणि ए ही जोडी उलट सोपी, कारण दोघांच्या समोरासमोरच्या रेघा एकाच दिशेने तिरक्या असतात आणि ए बराच आत सरकवता येतो. इतका की, मोह आवरावा लागतो. तिरकी फट सरळ फटीएवढी वाटेल तेथे थांबावे.

शेजारची देवनागरी

ठाण्यात पाटी करायची म्हणजे देवनागरी मुख्य आणि रोमन तिच्या जोडीला, हे गृहीत धरूनच आखणी करावी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या सुधारणेनुसार नामफलकावर मराठी देवनागरी अक्षरे सुरुवातीलाच असावी लागतात आणि त्यांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असून चालत नाही. अनेक जण ही सक्ती म्हणून पाहतात आणि आधी इंग्रजी पाटी सजवून वर मराठीचा तुकडा चिकटवतात. आखणीच्या दृष्टीने हा नियम मला सोयीचा वाटतो, त्याचे कारण पुढे मापांत दिसेल.

सर्वांत आधी एक मोह टाळावा: देवनागरी अक्षरांच्या टोकांना ठोकळे जोडून ‘मराठी स्लॅब’ करण्याचा. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते, म्हणून त्याच्या पायाला ठोकळा शोभतो; देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते आणि खाली मोकळे असते. कान्याच्या तळाशी ठोकळा लावला की तो रोमन आयसारखा दिसतो. उकार कान्याच्या पायापासून निघतो, त्याला ठोकळ्यातून वाट काढावी लागते. ह आणि र यांना तर सरळ पायच नाही, तेव्हा त्यांना ठोकळा कोठे लावणार? देवनागरीकडे स्वतःची आडवी जाड पट्टी आहेच. शिरोरेषेची जाडी रोमन ठोकळ्याच्या जाडीशी आणि कान्याची जाडी रोमन दांड्याशी जुळवली, की एकाही ठोकळ्याविना दोन्ही लिपी एका घरातील वाटतात.

आता आपल्या पाटीची मापे पाहावीत. उंची ३६ इंच. वर-खाली चार-चार इंच समास सोडून २८ इंच उरले. त्यांतील ४ इंच मात्रा आणि रफार यांना, १० इंच शिरोरेषेपासून तळापर्यंतच्या देवनागरी अक्षराला, ३ इंच मोकळे, ६ इंच रोमन अक्षराला, २ इंच मोकळे आणि ३ इंच खालच्या ‘लोखंडी पत्रे, सळ्या व शटर’ या ओळीला. रोमन अक्षर ६ इंच म्हणजे १५२ मिलिमीटर उंच, तेव्हा १९० एककांचा दांडा सुमारे ४१ मिलिमीटर आणि १२० एककांचा ठोकळा २६ मिलिमीटर झाला. देवनागरी अक्षर १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर उंच आहे; त्यात ४१ मिलिमीटरचा काना म्हणजे उंचीच्या केवळ १६ टक्के. थोडक्यात, देवनागरी मोठी असल्याने तिला रोमनइतके काळेकुट्ट होण्याची गरजच पडत नाही आणि तिच्या गाठी, पोकळ्या, मात्रा सुखाने श्वास घेतात. दोन्ही लिपी एकाच उंचीच्या ठेवल्या असत्या तर रोमन स्लॅबच्या जोडीला देवनागरी इतकी जाड करावी लागली असती की ह बुजून गेला असता.

तयार फाँटांपैकी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ सात वजनांत, म्हणजे बारीक ते जाड अशा सात जाडींत, मिळते. त्याचे सर्वांत जाड वजन आणि त्याच संस्थेचे ‘बलू’ ही दोन्ही स्लॅबच्या जोडीला चांगली बसतात, कारण त्यांच्या रेघांची जाडी फारशी बदलत नाही. बोरूच्या तिरक्या कापामुळे देवनागरीची जाड-बारीक रोमनच्या उलट दिशेने पडते. जाड-बारीक जितकी कमी, तितका हा विरोध कमी खटकतो, आणि स्लॅबमध्येही ती कमीच असते, म्हणून जोडी जमते. ‘रोझा वन’ हा सुंदर फाँट आहे, पण त्यातील टोकाची जाड-बारीक स्लॅबशेजारी विसंगत दिसते. ‘मोदक’ हा फाँट तर इतका गुबगुबीत आहे की त्याच्या पोकळ्या रेघेएवढ्या उरतात. दोन-तीन अक्षरांच्या भल्या मोठ्या शब्दाला तो मजा आणतो, हार्डवेअरच्या पाटीला नव्हे. उंच व अरुंद स्लॅब वापरली असेल तर ‘खंड’ किंवा ‘टेको’ यांची चौकोनी वळणे विचारात घ्यावीत. यांपैकी बहुतेक फाँट खुल्या परवान्याखाली आहेत, त्यामुळे धंद्याच्या पाटीवर वापरायला पैसे पडत नाहीत; फक्त फाँट स्वतंत्रपणे विकता येत नाही.

‘हार्डवेअर’ हा शब्द देवनागरीत लिहिला की शिरोरेषेच्या वर गर्दी होते. डच्या डोक्यावर रफार आहे आणि लगेच पुढे वची मात्रा. जाड वजनात रफाराचा कोयता आणि मात्रेची तिरकी रेघ यांच्यातील फट बुजते आणि लांबून दोन्ही मिळून एकच काळा ठिपका दिसतो. फाँटमधून शब्द टाकून तसाच ठेवू नये. रफार थोडा डावीकडे घ्यावा आणि मात्रेची जाडी कान्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवावी. खालच्या ओळीत ल आणि श येतात. राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे ठरवून दिली आहेत, पण अनेक फाँटांत मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ती उमटत नाहीत आणि हिंदी वळणाचीच पुढे येतात. ग्राहकाला कारण सांगता येणार नाही, पण पाटी परकी वाटते आहे हे त्याला नक्की जाणवते.

कारखान्यात पाठवताना

फाईल कर्व्ह करूनच पाठवावी, म्हणजे अक्षरांचे रूपांतर बाह्यरेषांत करून. कापणाऱ्याच्या संगणकावर आपला फाँट नसेल तर दुसराच फाँट चढतो आणि जोडाक्षरे सुटी होतात. माझ्या एका कामात रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता आणि ते पाटी टेम्पोत चढल्यावर लक्षात आले. तेव्हापासून मी फाईलबरोबर छापलेला नमुनाही देतो आणि त्यावर कापणाऱ्याची सही घेतो.

अ‍ॅक्रिलिक किंवा एसीपीची (दोन पातळ धातूच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेल्या फळीची) अक्षरे सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरणयंत्रावर, कापली जातात. राउटरचे पाते फिरते असल्याने आतला काटकोन ते कापू शकत नाही. ३ मिलिमीटरचे पाते असेल तर प्रत्येक आतल्या कोपऱ्यात दीड मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहते. सहा इंची अक्षरात ती दिसत नाही, दोन इंची अक्षरात दिसते आणि अँटिकचे क्लॅरेंडन होऊन बसते. म्हणून खालची बारीक ओळ राउटरला न देता व्हिनाइलमध्ये कापून घ्यावी. राउटर आणि स्लॅब यांचे नाते मात्र जुनेच आहे: अमेरिकेत डेरियस वेल्स यांनी १८२७-२८ च्या सुमारास फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी खिळे कोरायला सुरुवात केली आणि पोस्टरांवरची प्रचंड स्लॅब अक्षरे त्याच लाकडातून आली. लाकडात बारीक रेघ तुटते आणि ठोकळा टिकतो, त्यामुळे साहित्य आणि आकार एकमेकांना धरून राहिले.

अक्षरांच्या आत दिवे बसवायचे असतील तर उजळलेले अक्षर रात्री मूळ आकारापेक्षा जाड दिसते हे ध्यानात घ्यावे. अशा अक्षरांसाठी मी दांडा १९० वरून १७० पर्यंत उतरवतो आणि अक्षरांमधील अंतर वाढवतो. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांनाही हेच लागू पडते. उठावाची अक्षरे असतील तर आणखी एक गोष्ट: स्लॅबच्या प्रत्येक आडव्या कडेवर धूळ साचते आणि पहिल्याच मोठ्या पावसात तिचे ओघळ खाली उतरतात. पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरे लावून मी हे एकदा भोगले आहे. आता पार्श्वभूमी गडद घेतो किंवा अक्षरांची खोली कमी ठेवतो.

कोठे वापरू नये हे थोडक्यात सांगता येते. सोन्याच्या पेढीवर, लग्नपत्रिकेवर, दवाखान्याच्या पाटीवर जाड स्लॅब आरडाओरडा करते. सलग मजकुरासाठी ती कधीही घेऊ नये. पडद्यावर किंवा कागदावर १८ पॉइंटच्या खाली तिच्या पोकळ्या बुजू लागतात. एका पाटीवर स्लॅबची एकच ओळ असावी आणि बाकीची माहिती साध्या, हलक्या अक्षरात द्यावी. सर्वच ठळक केले की काहीच ठळक राहत नाही, हे ग्राहकाला समजावताना माझा बराच वेळ जातो.

समोरच्या फुटपाथवरून

पाटीच्या धंद्यात १० फूट अंतरामागे १ इंच अक्षर असा ठोकताळा आहे. नौपाड्यातील त्या रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून दुकान सुमारे ४० फुटांवर पडते. म्हणजे ४ इंच पुरले असते, आपण रोमनला ६ आणि देवनागरीला १० दिले. तरीही कापण्यापूर्वी पूर्ण मापाची छपाई साध्या कागदावर करून, तुकडे जोडून शटरवर चिकटवावी. दुपारी आणि दिवेलागणीला, दोन्ही वेळी समोरून पाहावी. मोबाइलवर फोटो काढून तो नखाएवढा करून पाहिला की जे अक्षर आधी बुजेल ते सापडते. चालत्या रिक्षातून पाहिल्यास तर अधिकच बरे, कारण निम्मी गिऱ्हाइके तशीच पाहणार असतात.

आम्ही कागद लावला तो संध्याकाळी सहाच्या सुमारास. रोमन ओळ पलीकडून ठणठणीत वाचता येत होती आणि डब्ल्यूचा डाग गेला होता. देवनागरीत मात्र ड आणि व यांच्या डोक्यावर अजूनही थोडी सावली वाटत होती. रफार आणि मात्रा यांच्यातील फट आणखी ४ मिलिमीटरने वाढवली, फाईल पुन्हा कर्व्ह केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापायला पाठवली.